गेज ग्लासमधलं पाणी

४ डिसेंबरला नौदल दिन असतो. त्या दिवशी आमच्या भागातली एखादी शाळा मला बोलावते आणि मी जातो. ब्लेझर अजून अंगाला बसतो. १९७१ च्या लढाईची 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही दोन पदकं नात आदल्या रात्री चिंच लावून घासून ठेवते. मागच्या साली सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी माइकवरून सांगितलं, "पाकिस्तानची गाझी पाणबुडी स्वतःच्या हातानं बुडवणारे वीर आज आपल्यात आहेत." पोरांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो आणि सगळ्यात आधी म्हणालो, बाळांनो, मी काही बुडवलेलं नाही. ती बुडाली त्या रात्री मी आपल्या राजपूत या युद्धनौकेवर होतो, एवढं खरं. पण मी पाण्याच्या पातळीखाली बॉयलर रूममध्ये होतो. माझ्या डोळ्यांपुढं समुद्र नव्हता, काचेची एक नळी होती.

पोरांना तोफेची गोष्ट पाहिजे होती, त्यांचे चेहरे उतरले. दहा मिनिटांत मला नीट सांगताही आलं नाही. म्हणून इथं सावकाश लिहितो.

माझं गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात. मांजरा नदी आमच्या वस्तीपासून पाऊण कोस. निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या साली, १९४९ ला, माझा जन्म. ज्या राजपूतवर मी लढाई काढली ती विनाशिकाही भारतानं इंग्रजांकडून १९४९ सालीच घेतली. तिचं आधीचं नाव रॉदरहॅम. १९४२ साली ती ब्रिटिश नौदलात आली आणि दुसरं महायुद्ध लढून आपल्याकडं आली. राणा आणि रणजित या तिच्या दोन बहिणी. मी तिच्यावर चढलो तेव्हा ती म्हातारी झाली होती. रंगावर रंग चढून पोलादाचे कोपरे गोल झालेले, पाइपांवर पट्ट्या, व्हॉल्व्हांवर अजून इंग्रजी कारखान्यांची नावं. तरी वाफ दिली की पळायची.

एक गोष्ट सांगून ठेवतो. डिसेंबरात मोबाइलवर जो राजपूतचा फोटो फिरतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या राजपूतचा असतो. ती सोव्हिएत रशियात बांधलेली, १९८० साली नौदलात आली आणि २०२१ साली विशाखापट्टणमलाच निवृत्त झाली. तीही नावाजलेली होती. पण माझी राजपूत १९७६ सालीच गेली. तिचा फोटो काळा-पांढरा आहे आणि तिला एकच धुराडं आहे.

समुद्र मी भरतीच्या आधी पाहिला नव्हता. पोहायला येत होतं, विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेलं. १९६६ साली मॅट्रिक झालो. शेत सव्वातीन एकर, तेही माळाचं, आणि भाऊ तिघं. औरंगाबादला नौदलाची भरती आहे असं मास्तरांनी सांगितलं. ते म्हणाले, "तुझं गणित बरं आहे, जा." गेलो आणि त्यांनी मला घेतलं. माय रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तिथं प्यायला पाणी गोडं असतं का रं?"

लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत आमचं इंजिनिअरिंगचं शिक्षण झालं. तिथला पाऊस पाहून मी खुळा झालो होतो. आठ दिवस सलग पाऊस पडतो आणि कुणी आनंदानं बाहेर येत नाही, हे मला खरंच वाटेना. तिथून स्टोकर, म्हणजे बॉयलरवाला, होऊन निघालो. कागदावर आमच्या शाखेचं नाव मोठं होतं, जहाजावर सगळे स्टोकरच म्हणायचे.

बॉयलर रूममध्ये शिरायला दोन दारं. मधे एका माणसापुरती खोली, तिला एअरलॉक म्हणायचं. पहिलं दार पक्कं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. कारण मोठे पंखे बाहेरची हवा आत कोंडत असतात, सगळी खोलीच हवेनं फुगवलेली असते. तीच हवा भट्टीत शिरून तेल जाळते. दोन्ही दारं एकदम उघडली तर हवा निसटते, भट्टीतली ज्वाळा उलटून बाहेर येते आणि समोरचा माणूस भाजून निघतो. आत पाय टाकला की कानांना दडे बसायचे. मग आवंढा गिळायचा, शिडी उतरायची. खाली उतरलं की पंख्यांच्या आवाजाखेरीज दुसरं काही ऐकू यायचं नाही. बोलणं हातानं, नाहीतर कानाला तोंड लावून.

तेल म्हणजे फर्नेस ऑइल, काळं आणि काकवीसारखं घट्ट. ते तापवून स्प्रेअरमधून भट्टीत फवारायचं. वर वेग वाढवायचा हुकूम झाला की जास्त स्प्रेअर लावायचे, कमी करायचा झाला की काढायचे. काढलेला स्प्रेअर पितळी ब्रशनं घासून तयार ठेवायचा, कारण पुढच्या मिनिटाला काय मागतील ते सांगता येत नाही. धुराड्यातला धूर खालून आरशात दिसायचा. काळा धूर म्हणजे हवा कमी, पांढरा म्हणजे हवा जास्त. दोन्ही वाईट. लढाईत आधी धूर दिसतो, मग जहाज.

आणि गेज ग्लास. बॉयलरच्या वरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी ही उभी काच. तिच्यातलं पाणी अर्ध्यावर राखायचं. खाली उतरलं तर बॉयलरच्या नळ्या जळतात. वर चढलं तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जातं आणि पाती मोडतात. जहाज डोललं की काचेतलं पाणी वरखाली होतं, तेव्हा खरी पातळी कोणती हे सवयीनं ओळखायचं. मी चार-चार तास त्या काचेकडं पाहत उभा राहिलो आहे. उकाडा किती ते आमच्या लोकांना सांगायला नको. आमचा चीफ केरळचा होता. तो म्हणायचा, तुम्ही मराठवाड्याचे लोक वैशाखातून आलेले, तुम्हाला काय होतंय! त्यानं मला कायम काचेपाशी ठेवलं.

आता पाण्याचं सांगतो. चारी बाजूंनी बंगालचा उपसागर आणि जहाजावर गोड्या पाण्याचा तुटवडा, असं आमचं जगणं होतं. समुद्राचं पाणी उकळायचं, त्याची वाफ थंड करायची आणि ते गोडं पाणी टाकीत भरायचं. त्यासाठी इव्हॅपोरेटर असायचा. पण ते पाणी आधी बॉयलरला, मग माणसाला. बॉयलरला मिठाचा कणही चालत नाही. मिठानं नळ्या खाल्ल्या जातात. इव्हॅपोरेटर कुरकुरायला लागला की आमच्या अंघोळी बंद, आणि बॉयलर मात्र तुडुंब.

ते पाणी तपासायचं काम बऱ्याचदा माझ्याकडं यायचं. परीक्षानळीत पाणी घ्यायचं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी निवळ राहिलं तर ठीक. दुधाळलं तर समजायचं की कुठून तरी समुद्र आत शिरला, वाफेचं परत पाणी करणाऱ्या कंडेन्सरची नळी गळतेय. मी नळी दिव्यासमोर धरायचो तेव्हा मला हटकून माय आठवायची. उन्हाळ्यात ती मांजरेच्या वाळूत झिरा उकरून वाटीनं घागर भरायची. भरलेली वाटी आधी डोळ्यासमोर धरायची, गाळ आहे का बघायची, मगच घागरीत ओतायची. मी तेच करत होतो, फक्त अंगावर निळी डांगरी होती.

१९७१ च्या नोव्हेंबरात थोरल्या भावाची तार आली. मदर सिरीयस स्टार्ट इमिजिएटली. त्या काळी फौजेतल्या पोराला गावाकडं बोलवायचं तर असलीच तार करायचे. कधी ती खरी असायची, कधी बहिणीचं लग्न ठरलेलं असायचं, कधी बांधावरून भांडण झालेलं असायचं. मी तार घेऊन चीफकडं गेलो. त्यानं वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाला, "बेटा, अभी सबकी माँ बीमार है." त्याचं बोलणं वाईट हेतूचं नव्हतं. रजा सगळ्यांच्याच बंद झाल्या होत्या, आणि त्या आठवड्यात त्याच्याकडं आणखी कितीतरी तारा आल्या असतील. मी गावी अंतर्देशीय पत्र टाकलं. ते कधी पोचेल याचा नेम नव्हता. मग जहाज बाहेर पडलं.

त्या दिवसांत आम्ही नेमकं काय करत होतो ते खालच्या माणसाला कुणी सांगितलं नाही. विशाखापट्टणमपासून लांब समुद्रात आमच्या चकरा चालल्या होत्या. लढाई तोंडावर आली की वायरलेस गप्प ठेवतात, हे आम्हाला शिकवलेलं. आमच्याकडं उलटं चाललं होतं. मेसमध्ये वायरलेसवाली पोरं डोळे लाल करून यायची आणि म्हणायची, हात दुखले, सिग्नल संपतच नाहीत. कशाचे सिग्नल, हे ती सांगायची नाहीत आणि आम्ही विचारायचो नाही.

पुढं सगळं बाहेर आलं. गाझी १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली होती ती विक्रांतला शोधायला. विक्रांत हे आपलं तेव्हाचं एकुलतं विमानवाहू जहाज. तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता, त्यामुळं तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता. तशा बॉयलरांवर तिच्या स्टोकरांनी ती लढाईभर चालवली आणि तिची विमानं कॉक्सबाजार आणि चितगावावर जाऊन आली. याचं मोल बॉयलरवर उभ्या राहिलेल्या माणसालाच कळतं, म्हणून मुद्दाम लिहितो. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला गुपचूप अंदमानात नेऊन ठेवलं आणि तिच्या जागी आमची म्हातारी उभी केली. आम्ही विक्रांत असल्यासारखे सिग्नल पाठवत होतो. विशाखापट्टणमच्या ठेकेदारांकडं भाजीपाला, मटण असा मोठ्या ताफ्याला लागेल एवढा शिधा मागवला होता, म्हणजे बाजारात बोलणं होईल आणि ते जिथं पोचायचं तिथं पोचेल.

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानच्या विमानांनी पश्चिमेकडच्या आपल्या विमानतळांवर बाँब टाकले. आम्ही तेव्हा विशाखापट्टणम बंदरात तेल भरत होतो. रात्री निघायचा हुकूम आला. शहरात ब्लॅकआउट. मी एअरलॉकमधून खाली उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले असतील. वरचं दार लावताना मला डेकवर कुणाची तरी सावली दिसली. त्या रात्रीचं बाहेरचं म्हणून मी पाहिलेलं तेवढंच.

आमचे कॅप्टन लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग. ते काय करताहेत ते आम्हाला फक्त वाफेवरून कळायचं. बंदरातून निघताना वाफेची मागणी थोडी असते. ती थोडी चालू होती. मग एकदम मागणी पडली, म्हणजे इंजिन थांबवलं. दाब चढायला लागला. चीफनं बोटं दाखवली, आम्ही भराभर स्प्रेअर काढले. वाटेत जहाज का थांबवलं हे कुणाला समजेना. ते पुढं कळलं. बाहेर पडण्याच्या वाटेवर पाणबुडी टपलेली असू शकते असं कॅप्टनसाहेबांच्या मनात आलं, म्हणून त्यांनी जहाजाला वाट दाखवणाऱ्या बंदराच्या पायलटला तिथंच उतरवून दिलं आणि मग पूर्ण वेग मागितला.

तो वेग आमच्यापर्यंत आला तो इंजिन रूमच्या ओरडण्यातून. सगळे स्प्रेअर लावा! मी काचेपाशी होतो. एकदम एवढी वाफ ओढली की काचेतलं पाणी आधी वर उसळतं. नवखा माणूस तिथं फसतो, त्याला वाटतं पाणी फार झालं आणि तो पाणी तोडतो. प्रत्यक्षात पाणी कमी होत असतं. मी हात वर धरून "थांबा, तोडू नका" अशी खूण करत राहिलो. पाणी उतरलं, अर्ध्याच्या खाली गेलं, मग पंपानं सावरलं. जमिनीची थरथर पायांतून दातांपर्यंत आली होती. राजपूत पळत होती.

मग ती झुकली. वळण घेतलं होतं, जोराचं. काचेतलं पाणी एका बाजूला गेल्यासारखं झालं. मी पाइपाला धरलं.

आणि दणका बसला. तो आवाज असा कानांनी ऐकला नाही. कुणीतरी भल्या मोठ्या घणानं जहाजाच्या तळावर बाहेरून मारावं तसा तो टाचांतून वर आला. लागलीच दुसरा. दिवे मिणमिणले आणि परत लागले. वरच्या पाइपांच्या लपेटीतून पांढरी भुकटी सरसर खाली आली, माझ्या खांद्यांवर, हातांवर, काचेवर. स्प्रेअरच्या ज्वाळा आत एकदा डगमगल्या. मी बाहीनं काच पुसली, कारण काच दिसली पाहिजे. पाणी अर्ध्यावर होतं. चीफ माझ्याकडं पाहत होता. मी अंगठा दाखवला. त्यानंही दाखवला. मध्यरात्र उलटून पाव तास झाला होता.

उजव्या बाजूच्या टेहळ्याला पाण्यात खळबळ दिसली, कॅप्टनसाहेबांनी जहाज वळवून तिथं दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बाँब, टाकले, हे आम्हाला पाळी बदलल्यावर मेसमध्ये कळलं. वर काही तरंगताना दिसलं नाही. आम्ही पूर्वेला पुढं निघून गेलो. इकडं शहरात स्फोटानं खिडक्यांची तावदानं हादरली होती. दुसऱ्या दिवशी कोळ्यांना पाण्यावर तेल आणि सामान तरंगताना सापडलं. मग पाणबुडे उतरले आणि खाली गाझी पडलेली दिसली. तिच्यावर नव्वदाहून जास्त माणसं होती. कुणी वाचलं नाही.

आता जे मला नेहमी विचारतात ते. आपलं नौदल म्हणतं, राजपूतच्या डेप्थ चार्जनं गाझी गेली. पाकिस्तान म्हणतं, आतल्याच स्फोटानं, नाहीतर त्यांनीच पेरलेल्या सुरुंगानं गेली. दणके दोन होते की नंतर आणखी एक लांबचा, मोठा झाला, असं मला पन्नास वर्षं लोक विचारताहेत. मला दोन आठवतात. चीफ शेवटपर्यंत तीन म्हणायचा. आम्ही एकाच पत्र्यावर चार हातांच्या अंतरावर उभे होतो. त्याहून जास्त साक्ष माझ्याकडं नाही. नसलेली साक्ष मी पोरांसमोर देणार नाही, टाळ्या कितीही वाजल्या तरी.

गाझी बुडाल्याची बातमी सरकारनं ९ डिसेंबरला जाहीर केली. आणि त्याच रात्री पावणेनऊच्या सुमारास पश्चिमेला, दीवजवळच्या समुद्रात, पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. लोणावळ्याला माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा एक जण खुकरीवर स्टोकर होता. त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. सातारकडचा. घरून गूळ आणायचा आणि पेटीत कुलूप लावून ठेवायचा, पण रात्री हळूच निम्मा मला द्यायचा. खुकरी मोजक्या मिनिटांत गेली. बॉयलर रूममधून डेकवर यायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. शिडी, दार, एअरलॉक, परत दार, परत शिडी. मी पुढं कितीदा तरी राजपूतवर ते अंतर मनात मोजलं आहे. एकदा घड्याळ लावूनही मोजलं. चीफनं पाहिलं, पण काही बोलला नाही.

१६ डिसेंबरला ढाक्याला शरणागती झाली. मला रजा फेब्रुवारीत मिळाली. सिकंदराबादला गाडी बदलून परळीपर्यंत आलो, तिथून एसटी, आणि फाट्यापासून चालत. रान सगळं करपलेलं. त्या साली पाऊस धड झालाच नव्हता, आणि पुढं १९७२ चा दुष्काळ आमच्या लोकांनी कसा काढला ते सगळ्यांना ठाऊक आहे. खडी फोडायची, सुकडी खायची आणि मिलो शिजवायचा.

माय ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती. निम्मी झालेली, डोळे खोल गेलेले. तार खरी होती. नोव्हेंबरात तिला कावीळ झाली होती आणि दोन रात्री घरच्यांनी आशा सोडली होती. माझं अंतर्देशीय डिसेंबरच्या शेवटी पोचलेलं, तोवर ती उठून बसली होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई काळा झालास." मग तिनं लढाईचं विचारलं. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर तिनं ऐकलं होतं. मी सगळं सांगितलं, आत्ता सांगितलं तसंच. पाणी, काच, दोन दणके, आणि त्या पाणबुडीत माणसं होती ती सगळी गेली.

ती निवडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांच्या मायांना तारा गेल्या आसतील का रं?"

मी म्हटलं, "गेल्या असतील."

"आन् त्या घरी कुणी वाचून दाखवल्या आसतील?"

आमच्याकडं तार आली की पोस्टमनच वाचून अर्थ सांगायचा, आणि भावानं केजहून पाठवलेली तारसुद्धा पोस्टातल्या बाबूनंच इंग्रजीत लिहिली होती. माय त्याचंच विचारत होती.

पंधरा वर्षं पुरी करून १९८१ साली मी घरी आलो. इकडच्याच एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर लागलो. तिथं तेल नव्हतं, उसाची चिपाडं जाळायची. पण काच तीच. गळिताच्या हंगामात रात्रपाळीला नव्या पोराला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो. वाफ ओढली की पाणी खोटं वर येतं, तेव्हा हात बांधून उभं राहायचं. माय १९९४ साली गेली. शेवटपर्यंत ती मला "आमचा पाण्यातला" म्हणायची.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. ती मला नौकरी सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी कळली. आमच्या जहाजावर वायरलेसला असलेला एक जण पुण्याच्या मेळाव्यात भेटला. तो म्हणाला, तुला माहीत आहे का, त्या सिग्नलांत एक तार होती. विक्रांत समुद्रात जवळच आहे असं शत्रूला वाटावं म्हणून एक साधी, गुप्त न केलेली तार वायरलेसवरून सोडली होती, विक्रांतवरच्या एका नौसैनिकाची असल्यासारखी. त्यात त्यानं आजारी आईची तब्येत विचारली होती. हे कृष्णनसाहेबांनीही पुढं सांगितलेलं आहे. तो नौसैनिक नव्हताच, आणि ती आजारी आईही नव्हती. डाव चांगला होता आणि त्यानं देशाचं काम केलं, याबद्दल माझ्या मनात जराही किंतू नाही. विक्रांत वाचली, हजारावर माणसं वाचली.

पण त्या रात्री मी पुण्यात झोपलो नाही. माझ्या पेटीत भावाची तार घडी घालून ठेवलेली होती, मी त्याच जहाजाच्या पोटात उभा होतो, आणि माझ्या डोक्यावर कुठंतरी एक माणूस बोटांनी खटखट करून शत्रूला कळेल असं विचारत होता की आई कशी आहे. मी दोन आठवडे हेच विचारत होतो आणि मला विचारायला वाट नव्हती. चीफ म्हणाला होता, सगळ्यांचीच माँ आजारी आहे. त्याला तरी या तारेचं ठाऊक होतं का, हे विचारायचं राहिलं. तोपर्यंत तो गेला होता.

भावाची ती तार अजून आहे. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. नातीनं मागच्या साली ती प्लास्टिकच्या पाकिटात घातली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तिनंच मला मोबाइलवर बातमी वाचून दाखवली. खोल पाण्यात उतरणाऱ्या नौदलाच्या बचाव यानानं गाझीचे अवशेष शोधले. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटर, साधारण शंभर मीटर खोल. नौदलानं त्यांना हात लावला नाही. आत माणसं आहेत, त्यांचा मान म्हणून. मी तिला परत वाचायला लावलं. दोन-अडीच किलोमीटर म्हणजे आमच्या वस्तीपासून मांजरेचं पात्र. माय डोक्यावर घागर घेऊन तेवढं रोज जायची, रोज यायची.

नात म्हणाली, "आबा, इतकं जवळ? मग तुम्हाला त्यांचा काहीच आवाज आला नाही?"

मी म्हटलं, "पंखे चालू होते, बाळा."